तिसरी समज

"राग काढायचा दवाखाना ह्योच का?"

दारात उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं आणि मला हसू आलं. पन्नाशीकडं झुकलेली बाई, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, आणि चेहरा असा की हसणाऱ्या माणसानं पुन्हा विचार करावा.

"दवाखाना नाही हो. समुपदेशन केंद्र. या, बसा."

"त्येच ते. संस्थेनं धाडलंय." त्यांनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून माझ्यापुढं ठेवला आणि त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या.

कागदावर लिहिलं होतं, की मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका श्रीमती शालन बंडगर यांचे आपल्या रागावर नियंत्रण नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी त्यांनी समुपदेशकांकडे सहा बैठका पूर्ण करून तसा अहवाल सादर करावा, अन्यथा सेवा समाप्त करण्यात येईल. खाली सचिव पाटणे यांची सही.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. गावाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. संस्था अजून चालू आहे आणि तिच्या प्रवेशद्वाराची कमान आता पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे. मी पुण्याला मानसशास्त्र शिकून नुकतीच सांगलीला आले होते. मंगळवारी आणि शुक्रवारी एस्टीनं त्या गावी जायचं, संस्थेच्या कॉलेजातल्या एका खोलीत बसायचं, असं माझं काम. वय सत्तावीस. जगातल्या कुठल्याही माणसाला मी समजून घेऊ शकते, अशी माझी पक्की खात्री होती.

शालनबाईंनी काय केलं होतं ते सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब यांची एकसष्टी होती. मांडव, बँड, जिल्ह्यातले पाहुणे. सत्काराचं तबक टेबलावर आलं, त्यात शाल आणि श्रीफळ. तेवढ्यात शालनबाई सरळ मंचावर चढल्या, पदराखालून एक चेपलेलं कुलूप काढलं, नारळाशेजारी ठेवलं आणि म्हणाल्या, "हे बी घ्या." आणि उतरून गेल्या. कुलूप वसतिगृहाच्या दाराचं होतं. दिवसा ते कडीला उघडंच टांगलेलं असायचं. ते त्यांनी काढून आणलं आणि पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचलं.

बाईंची चौदा वर्षांची नोकरी. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, वसतिगृहातली दाराजवळची खोली हेच घर. माझा अहवाल बरा गेला नाही तर नोकरीही जाणार आणि घरही. हे मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं. तरी मी आनंदानं कामाला लागले, कारण मी त्यांचं भलं करणार होते ना!

"राग आला की तो शरीरात कुठं जाणवतो तुम्हाला?" मी विचारलं.

"शरीरात?"

"म्हणजे छातीत, डोक्यात, पोटात..."

त्यांनी जरा विचार केला. "दातात."

मी वहीत लिहून घेतलं. "आणि कधी येतो?"

"सांच्याला सात वाजता. त्याचं कसं हाय मॅडम, संस्थेनं गेल्या साली फर्मान काडलं, की दार भाईरनं..."

"थांबा," मी हात वर करून म्हणाले. किती प्रेमानं म्हणाले, ते आठवलं की आजही माझाच मला संताप येतो. "ती घटना आपण बाजूला ठेवू. घटना काय, होऊन जातात. आपण भावनेकडे जाऊ या. घटनेत अडकलो की माणूस बरा होत नाही."

त्यांनी माझ्या वर केलेल्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

हे 'बरं' मी पुढं सहा बैठका ऐकलं. मी श्वास मोजायला शिकवलं, त्यांनी मोजला. डोळे मिटून शांत जागा आठवायला सांगितलं, त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या बैठकीला मी कागद आणि पेन पुढं ठेवलं. "ज्यांच्यावर राग आहे त्यांना पत्र लिहा. मनात असेल ते सगळं. पाठवायचं नाही बरं का, नुसतं लिहायचं."

"न पाठवायचं तर लिवायचं कशाला?"

"मन मोकळं होतं."

"मॅडम, चार पत्रं पाठवली. रीतसर अर्ज, आवक-जावक नंबर घालून. त्ये कुणी वाचलं न्हाईत. आता पाचवं तुमी न पाठवायचं लिवा म्हणताय."

"चिडू नका..."

"चिडले न्हाई. इचारलं." आणि त्यांनी लिहायला घेतलं. अर्धं पान लिहून झाल्यावर घडी करून ते माझ्याकडं दिलं. आमच्या नियमाप्रमाणं मी ते वाचलं नाही, फाइलीत ठेवलं. त्या नियमाचा मला केवढा अभिमान!

पाचव्या बैठकीपर्यंत बाई शांत झाल्या होत्या. आवाज खाली आला होता, खुर्चीत पाठ टेकून बसत होत्या, विचारलं तेवढंच बोलत होत्या. सहावी बैठक संपल्यावर त्या "येते मॅडम" म्हणून गेल्या आणि मी त्याच दुपारी अहवाल लिहायला बसले.

आता त्या अहवालाचं सांगते. मानसशास्त्राची आमची सगळी पुस्तकं इंग्रजीत. माणसाला स्वतःच्या मनाचं आतून काहीतरी उमगतं, त्याला त्यात एक शब्द आहे, इनसाइट. मराठी पुस्तकात त्याला 'अंतर्दृष्टी' म्हणतात. मला तो शब्द एखाद्या बुवाच्या पत्रकातला वाटायचा. मला साधा, आपला शब्द हवा होता. तो सापडला तेव्हा मी खूश होऊन टेबलावर चापट मारली होती. 'समज'! किती छान शब्द. आणि अहवाल सरकारी वळणाचा दिसावा म्हणून मी लिहिलं: "श्रीमती बंडगर यांना सहा बैठकांत त्यांच्या रागाबाबत पूर्ण समज देण्यात आली असून ती त्यांनी शांतपणे स्वीकारली आहे."

मंगळवारी पाटणे सरांनी बोलावलं. पाटणे म्हणजे मऊ आवाजाचा, तोंडात कायम लवंग ठेवणारा माणूस. त्यांना कधी कुणावर ओरडताना मी पाहिलं नाही; त्यांचं काम ओरडण्यावाचून होत असे.

"मॅडम, तुमचे आभार कसे मानू?" ते म्हणाले. "आमचं काम तुम्ही सोपं केलंत."

"बाईंची प्रगती खरंच चांगली आहे सर."

"प्रगती कसली? शुक्रवारी चौकशी समिती बसवलीय. सेवा समाप्त. तीन झाल्या ना." त्यांनी बाईंचं सर्व्हिस बुक माझ्यापुढं सरकवलं. "ही पहिली समज, सचिवांना डावलून थेट अध्यक्षांकडं अर्ज केल्याबद्दल. ही दुसरी, कुलुपाची. आणि तिसरी ही तुमची. आमच्या नियमात तीन समज झाल्या की संपलं. तिसरी मी दिली असती तर बाई कोर्टात गेली असती. ही तज्ज्ञांच्या हातची आहे, आणि तिनं ती स्वीकारली असंही तुम्हीच लिहून दिलंय."

त्या पानावर लाल शाईत माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं.

"अहो सर, समज म्हणजे तसं नाही! समज म्हणजे कळणं. त्यांना स्वतःबद्दल उमगलं, असं म्हणायचंय मला."

"मग उमगलं लिहायचं." पाटण्यांनी लवंग या गालातून त्या गालात नेली. "'समज देण्यात आली' म्हणजे काय, हे आमच्या शिपायालाही कळतं, मॅडम."

त्यांचं खरं होतं. शिपायाला कळत होतं, मला कळत नव्हतं. जन्मापासून मराठी बोलणारी मी, 'शेवटची समज', 'कडक समज' हे रोज पेपरात वाचणारी मी, आणि असलं वाक्य स्वतःच्या हातानं लिहून, खाली सही करून, वर त्यांना नेऊन दिलं! मी जिना उतरून थेट वसतिगृहाकडं निघाले. पाटण्यांचा राग येत होता, स्वतःचा त्याहून जास्त.

वसतिगृह माझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर होतं. सहा आठवड्यांत मी एकदाही तिकडं गेले नव्हते. लांबट बसकी इमारत, खिडक्यांना गज, आत यायला एकच दार. संडास आवाराच्या दुसऱ्या टोकाला. दाराच्या कडीला कोरं करकरीत कुलूप उघडं टांगलेलं होतं.

शालनबाई स्वयंपाकघरात ताटात तूर डाळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माझा शब्द, पाटणे, शुक्रवार. त्यांनी ऐकलं. डाळीतला खडा वेचून बाजूला टाकला.

"म्हंजे नोकरी गेली."

"माझी चूक झाली हो. मला माफ करा. तुम्हाला राग येणं स्वाभाविक आहे, पण आपण आधी जरा..."

"श्वास घ्यू?"

त्या उठल्या. ताट जमिनीवर तसंच राहिलं. आवाज मोठा नव्हता, पण सहा आठवड्यांत तो मी ऐकला नव्हता.

"राग कधी येतो इचारलंसा. कुठं येतो इचारलंसा, दातात का पोटात. सा बैठका. पर कुलूप निघालं का, ते एकदा तरी इचारलंसा का वो? म्या ज्या दिवशी ते ठेचलं, त्याच दिवशी सांच्याला सातला नवं आलं. मी तुमच्याकडं बसून श्वास मोजायची आन् सातला येऊन बेचाळीस पोरींसंगं कोंडून घ्यायची. चावी वॉचमनच्या खिशात, वॉचमन त्याच्या घरी, गावाच्या त्या टोकाला. सकाळी सा वाजेपतोर. पोरींनी बादल्या वापरायच्या. वयात आलेल्या पोरी, मॅडम! का, तर कुणा पोरीच्या दप्तरात चिठ्ठी घावली."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत..."

"सांगत हुते की! पैल्याच दिवशी. तुमी हात केलासा, थांबा म्हणून."

बाईंनी खिडकीकडं बोट केलं.

"कावेरी म्हणून सातवीतली पोर. श्रावणात. जेवनं झाल्यावर पोटात दुखाय लागलं तिच्या. मी खिडकीतनं वरडले. रस्त्यानं माणसं जात हुती, त्यास्नी वाटलं पोरी खेळत्यात. पोर ओकत हुती, गडबडा लोळत हुती, दार काय उघडंना. दा तास, मॅडम. सकाळी दार उघडलं तवा पोर गार पडलेली. आपेंडिक्स फुटलं, डाक्टर म्हणले आदी आणली असती तर फुटलंच नसतं. वाचली. पर बापानं घरी न्हेली ती न्हेलीच. पैल्या नंबरची पोर. आता शेळ्यांमागं हाय."

मग म्हणाल्या, "मी गप झाले, म्हणून तुमाला वाटलं मी बरी झाले."

त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षं मी हेच काम करते आहे. समोर बसलेल्या माणसाला मी आधी विचारते, काय झालं. आणि लगेच विचारते, ते अजून चालू आहे का. श्वास वगैरे मग. बरं करण्याचं शास्त्र मोठं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ज्याच्या पायावर अजून चाक उभं आहे त्याला शांत राहायला शिकवणं म्हणजे चाक ठेवणाऱ्याची नोकरी करणं, हे मला पुण्याच्या कुठल्याही वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

"मी दुसरा अहवाल देते," मी म्हणाले. "शुक्रवारी स्वतः येऊन वाचते. काय लिहू?"

शालनबाईंनी पुन्हा ताट मांडीवर घेतलं. "आता मला इचारता व्हय? लिवा तुमाला काय लिवायचं त्ये. मला काय बोलायचं ते मी बोलीन."

तीन दिवस मी तो अहवाल लिहीत होते. चार वेळा फाडला. शुक्रवारी तो घेऊन समितीसमोर उभी राहिले. मध्ये भाऊसाहेब, पांढरेशुभ्र, हसतमुख. बाजूला पाटणे आणि दोन सदस्य. शालनबाई भिंतीजवळच्या बाकावर.

"बोला मॅडम," भाऊसाहेब म्हणाले, "तुम्ही आमच्या लेकीसारख्या."

मी वाचलं. पहिल्या अहवालातला 'समज' हा शब्द मी चुकीनं वापरला, तो मागं घेते. श्रीमती बंडगर यांचा राग हा आजार नाही. कोंडलेल्या मुलीच्या जिवावर बेतल्यावर आणि चार अर्जांना उत्तर न आल्यावर माणसाला जो यायला हवा, तोच राग त्यांना आला आहे. त्यांना उपचारांची गरज नाही. हे सगळं पाहून ज्यांना राग आला नाही, त्यांची मला समुपदेशक म्हणून काळजी वाटते.

आता काहीतरी होईल असं मला वाटलं.

"छान लिहिलंय," भाऊसाहेब म्हणाले. "भाषा चांगली आहे तुमची. पण आमचा प्रश्न साधा आहे. बाईंचा राग गेला, का नाही गेला?"

"तोच तर प्रश्न चुकीचा आहे!"

"मी बोलू का?" शालनबाई उठल्या. पदर नीट केला. "सायेब, मी माफी लिवून देते. राग गेला म्हणून बी लिवून देते. पाटणे सर सांगत्याल त्या शब्दांत. फकस्त दाराची चावी माज्याकडं ऱ्हाऊ द्या."

भाऊसाहेबांनी पाटण्यांकडं पाहिलं, मग बाईंकडं. चेहरा उजळला. "चावी? एवढंच ना? अहो, घ्या की! चावीचं काय एवढं? आधी बोलायचं होतं."

"आधी?" मी ओरडलेच. "चार अर्ज दिलेत त्यांनी! चार! आवक नंबर आहेत! ती पोर दहा तास जमिनीवर लोळत होती आणि तुम्ही म्हणता आधी बोलायचं होतं?"

भाऊसाहेब प्रेमळपणे हसले. "पाटणे, मॅडमना पाणी द्या. यांच्या रागासाठी आता पुण्याहूनच कुणीतरी आणावं लागणार."

दोन्ही सदस्य हसले. पाटणेही हसले. शालनबाई हसल्या नाहीत. त्या पाटण्यांच्या टेबलापाशी जाऊन पेन मागत होत्या. पाटण्यांनी सांगितलं आणि त्यांनी लिहिलं, की माझ्याकडून रागाच्या भरात चूक झाली, समुपदेशनानंतर माझा राग गेला आहे, संस्थेची मी ऋणी आहे. ऋणी! खाली सही केली आणि हात पुढं केला. पाटण्यांनी वॉचमनला बोलावून चावी त्या हातावर ठेवायला लावली.

"आणि तिसरी समज?" मी विचारलं. "ती काढा. मी मागं घेतलीय."

"चौकशी मिटली, मॅडम. पण सर्व्हिस बुकात खाडाखोड चालत नाही."

नऊ वर्षांनी बाई निवृत्त झाल्या, तेव्हाही ते लाल वाक्य त्या बुकात होतं. माझं वाक्य. माझी खोली पुढच्याच महिन्यात संगणक कक्षासाठी लागली आणि मला यायची गरज नाही असं कळवण्यात आलं.

त्या दिवशी मात्र मी शालनबाईंच्या मागोमाग वसतिगृहापर्यंत तावातावानं चालत गेले. त्या पुढं, मी मागं.

"तुम्ही का लिहून दिलंत? खोटं आहे ते! तुमची चूक नव्हती. मी भांडत होते ना तुमच्या बाजूनं!"

"खोटंच हाय."

"मग?"

त्या थांबल्या. मुठीत चावी होती, ती त्यांनी कनवटीला लावली. "तुमी रागावून एस्टीत बसशीला, मॅडम, आन् सांगलीला जाशीला. मला रागावून हितंच ऱ्हायाचं हाय, बेचाळीस पोरी घिऊन. म्हणून जरा बेतानं वापरते."

"म्हणजे राग गेला नाही?"

"ह्या!" त्या म्हणाल्या. "त्यो बरा जाईल."

सव्वापाचची गाडी मी जाऊ दिली. पुढची साडेसातला होती. वसतिगृहाच्या पायरीवर बसून राहिले. आतून पोरींच्या पाठांतराचा आवाज येत होता. बरोबर सातला वॉचमन सायकलवरून आला आणि सवयीनं दार ओढायला गेला. शालनबाई उंबऱ्यात आल्या.

"तुमी जावा घरी," त्या त्याला म्हणाल्या. "आतनं लावते."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं सायकल वळवली. एक लहान पोर बाईंच्या बगलेखालून बाहेर सटकली, आवाराच्या त्या टोकाला पळत गेली, आणि ती परत येईपर्यंत बाई दार धरून उभ्या राहिल्या. पोर आत गेली. मग कडी आतून लागली.